कप वर गेला, कागद खाली कधी यावा? : 'ट्रॉफी सेलिब्रेशन' पॅकेजचा रिव्ह्यू

स्थानिक फुटबॉल स्पर्धा भरवणाऱ्यांना मांडव, स्टेज आणि साउंडच्या कोटेशनमध्ये हल्ली एक जादा ओळ हमखास दिसते : 'ट्रॉफी सेलिब्रेशन'. साधारणपणे त्यात दोन पेपर ब्लास्टर (कागदाचे तुकडे उडवणारी यंत्रं), चार कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी), दोन सीओटू जेट (कार्बन डायऑक्साइडच्या पांढऱ्या धुराचे झोत), पाचेक किलो कागद आणि सोबत एक ऑपरेटर असतो. चॅम्पियन्स लीगच्या फायनलनंतर टीव्हीवर दिसतं तसंच करून देतो, अशी बोलीही असते. थोडक्यात निकाल हवा असेल तर अर्धं पॅकेज घ्या आणि अर्धं कापून टाका. कुठलं अर्धं, ते मात्र या प्रथा कशा सुरू झाल्या हे कळल्यावरच ठरतं. यातली प्रत्येक गोष्ट कोणाला तरी दिसावी म्हणून सुरू झाली आणि तो 'कोणीतरी' आपल्या मैदानावर नसेल, तर पैसा हवेत जातो. पेपर ब्लास्टमध्ये तर अक्षरशः.

आधी स्टेज, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. कप दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला सुरुवात असेल असं वाटतच नाही. पण २९ जून १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये विश्वचषकाच्या फायनलमध्ये ब्राझीलने स्वीडनला ५-२ असं हरवलं, तेव्हा कर्णधार बेलिनीच्या हातात आलेला ज्यूल्स रिमे चषक जेमतेम ३५ सेंटिमीटरचा होता. पुढे फोटोग्राफरांची झुंबड, मागच्यांना काही दिसेना, म्हणून त्यांनी कप वर धरायला सांगितलं आणि बेलिनीने तो धरला. म्हणजे ही सोय मागच्या रांगेतल्या कॅमेऱ्याची. आता आपल्याकडचं स्टेज बघा. दोन फूट उंच, एकाच पातळीचं, पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, टेबल, टेबलावर नारळ-शाली आणि खेळाडू मागे एका ओळीत दाटीवाटीने. कर्णधार कप उचलतो तेव्हा पुढे उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या डोक्यांमागून फक्त कपाची कड दिसते.

पॅकेजमधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा इथे जास्त फरक पडतो तो मागच्या बाजूला आणखी एका फुटाची पायरी टाकल्याने. खेळाडू दोन ओळींत, कर्णधार पुढच्या ओळीच्या मधोमध, त्याच्यासमोर सहा ते आठ मीटर रिकामी जागा आणि तिथे फोटोग्राफरांसाठी आखलेली चुन्याची रेघ. कप देऊन झाला की पाहुण्यांना बाजूला घ्यायचं काम एका धीट कार्यकर्त्याकडे द्यावं. (हे पद मानाचं नाही, पण सगळ्यात अवघड आहे.) कपाचं वजनही आधी बघून ठेवा. चॅम्पियन्स लीगचा कप ७३.५ सेंटिमीटर उंच आणि साडेसात किलोचा आहे, आणि त्याचे मोठे कान हे उगाच नाहीत. आपल्याकडचे चार-चार फुटी, खांबावर खांब चढवलेले कप मधल्या स्क्रूवर उभे असतात. ते कान धरून उचलले तर वरचा भाग हातात येतो आणि खालचा स्टेजवर राहतो. समारंभाच्या आधी पाना घेऊन मधला नट आवळा आणि कर्णधाराला एक हात बुडाखाली घालायला सांगा.

आता कागद. फुटबॉलमधल्या कागदी पावसाचं सगळ्यात ठसठशीत चित्र १९७८ च्या विश्वचषकाचं. ब्वेनोस आयरेसचं मोन्युमेंताल स्टेडियम, २५ जूनची फायनल, अर्जेंटिना ३, नेदरलँड्स १. प्रेक्षकांनी इतके कागदाचे कपटे आणि गुंडाळ्या फेकल्या होत्या की मैदानाच्या कडा पांढऱ्या झाल्या. तिथे या कपट्यांना 'पापेलितोस' म्हणतात. देशात तेव्हा लष्करी राजवट होती. जगाला स्वच्छ, शिस्तीचा देश दिसावा म्हणून होसे मारिया मुन्योस हा प्रसिद्ध रेडिओ समालोचक 'कागद फेकू नका' असं सांगत होता. उलट, 'क्लारिन' या दैनिकात व्यंगचित्रकार कालोई यांचं क्लेमेंते हे पात्र रोज लोकांना 'फेका कागद' म्हणून चिथावत होतं. जिंकलं क्लेमेंते. त्या कागदासाठी कोणी ब्लास्टर मागवला नव्हता. वर्तमानपत्रं घरीच फाडली जात होती, हिशेबाच्या यंत्रांच्या गुंडाळ्या सोडल्या जात होत्या, आणि हे सगळं कप मिळाल्यावर नाही, तर संघ मैदानात उतरताना. प्रेक्षकांनी स्वतःच्या हातांनी केलेला तो प्रकार होता.

पॅकेजमधला ब्लास्टर हे नेमकं उलटं करतो. कागद प्रेक्षकांकडून मैदानात येत नाही, स्टेजच्या मागून वर जातो आणि तो कॅमेऱ्यासाठी असतो. यात वाईट काही नाही, फक्त तुमच्याकडे समोर नीट कॅमेरा आहे का, हे आधी विचारा.

ब्लास्टर दोन प्रकारचे मिळतात आणि कोटेशनमध्ये दोघांनाही 'पेपर ब्लास्ट' एवढंच लिहिलेलं असतं. पहिला म्हणजे नळीचा. पुठ्ठ्याच्या नळीत तळाशी दाबाखालचा वायू आणि वर कागद. हाताने पिळायच्या नळ्या ४०, ६०, ८० सेंटिमीटरच्या येतात, विजेवर उडणाऱ्या नळ्या स्टँडमध्ये बसवून एका बटणावर एकदम उडवता येतात. दुसरा प्रकार म्हणजे सिलिंडरवर चालणारा ब्लोअर. कार्बन डायऑक्साइडचा झोत जाताना वरच्या टोपल्यातला कागद ओढून घेतो आणि सलग फेकत राहतो. नळी म्हणजे फटाका, ब्लोअर म्हणजे पाऊस. 'दोन पेपर ब्लास्ट' म्हणून ब्लोअरचा दर लावायचा आणि प्रत्यक्षात दोन नळ्या पिळून मोकळं व्हायचं, हा या धंद्यातला सगळ्यात जुना घोळ. कोटेशनवर 'सिलिंडरवरचा' की 'नळीचा' आणि कागद किती किलो, हे लिहून घ्या.

कागद कसला, यावर निम्मा खेळ आहे. चांगला माल म्हणजे १७-१८ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) टिश्यू, ५५ बाय १७ मिलिमीटरच्या आयताकृती पट्ट्या, अग्निरोधक प्रक्रिया केलेला. आकार आयताकृतीच का? अशी पट्टी पडताना आपल्या लांब अक्षाभोवती गरगर फिरते, त्यामुळे हळू पडते आणि पसरत जाते. चौकोनी किंवा गोल तुकडे, त्यातही जाड क्राफ्ट पेपरचे, दगडासारखे सरळ खाली येतात. वर दहा मीटर गेलेला चांगला टिश्यू आठ-दहा सेकंद हवेत राहतो, म्हणजे फोटोला पुरेसा वेळ. चमकीचे तुकडे प्लास्टिकच्या फिल्मचे असतात. रात्रीच्या दिव्यात ते छान लखलखतात, पण जड असतात, गवतातून निघत नाहीत आणि पुढच्या मोसमापर्यंत सापडत राहतात. ते घेऊच नयेत.

रंगाची परीक्षा घरच्या घरी होते. ओल्या पांढऱ्या रुमालात दोन पट्ट्या दाबून दहा मिनिटं ठेवा. रंग उतरला तर तो घामेजल्या जर्सीवर आणि दव पडलेल्या गवतावरही उतरणार. लाल आणि जांभळा यात जास्त दगा देतात. संघाचे रंग हवेच असतील, तर पांढरा सत्तर टक्के आणि रंगीत तीस टक्के असं मिश्रण कॅमेऱ्यावर उठूनही दिसतं आणि डागही कमी पडतात.

सिलिंडरबद्दल थोडं सविस्तर, कारण 'मशीन चाललंच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा मशीन नसतं, सिलिंडर असतो. ब्लोअरला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यासाठी आत तळापर्यंत जाणारी सायफन नळी असलेला सिलिंडर हवा. ती नसेल तर वरचा नुसता वायू येतो, कागद दोन-तीन मीटर उडतो आणि स्टेजवरच सांडतो. काही ऑपरेटर साधा सिलिंडर उलटा टांगून वेळ मारून नेतात. काम होतं, पण तो पट्ट्याने पक्का बांधलेला नसेल तर ती धोक्याची घंटा. भरलेला आहे की नाही हे दाबमापकावरून कळत नाही, कारण आत थोडासा द्रव उरला असेपर्यंत दाब तेवढाच दिसतो. त्यामुळे वजनकाटा हाच खरा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा करा, उरेल तो गॅस.

आणि आपल्याकडचं ऊन. २० अंश तापमानाला या सिलिंडरमधला दाब ५७ बारच्या आसपास असतो. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव म्हणून काही उरतच नाही आणि दाब चढत जातो. मे महिन्यात दुपारी दोनपासून मैदानाच्या कडेला उघड्यावर ठेवलेला सिलिंडर संध्याकाळी बक्षीस समारंभाला वेगळाच वागतो : एक तर सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस मोकळा, नाही तर पहिला झोत भलताच जोरात आणि पुढे काहीच नाही. सावली, खाली लाकडी फळी, वरून ओलं गोणपाट एवढं केलं तरी फरक पडतो. झोतातून बाहेर येणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड असतो. नोझलला उघडा हात लावला तर कातडी भाजल्यासारखी सोलते, म्हणून ऑपरेटरच्या हातात चामडी मोजे नसतील तर त्याला तिथेच थांबवा. काम संपल्यावर आधी सिलिंडर बंद, मग ट्रिगर दाबून पाइप मोकळा, आणि मगच जोडणी सोडायची. हा क्रम चुकला की पाइप सापासारखा उसळतो.

मशीन ठेवायची जागा : खेळाडूंच्या तीन-चार मीटर मागे, दोन्ही बाजूंना, तोंड ६०-७० अंशांत वर आणि किंचित आत. ४५ अंशांत लावलं की कागद पाहुण्यांच्या तोंडावर. वारा बघायला कॉर्नरचा झेंडा पुरतो. ज्या बाजूने वारा येतोय तिकडचं मशीन जास्त भरा, दुसऱ्या बाजूचं नुसतं दिखाव्याला असलं तरी चालेल. वारा झेंडा ताठ धरून ठेवण्याइतका असेल, तर ब्लोअर विसरा आणि नळ्याच वापरा.

यानंतरची बाब फुकट आहे आणि तीच सगळ्यात जास्त बिघडते : वेळ. निवेदक 'थ्री, टू, वन' म्हणतो, ऑपरेटर बटण दाबतो आणि कर्णधार अजून हस्तांदोलनच करत असतो. संघ आधी कप खाली धरून वाकतो, 'ओऽऽऽ' करत थरथरवतो आणि मग उचलतो. ऑपरेटरने निवेदकाकडे कान देऊ नये, कर्णधाराच्या कोपरांवर डोळा ठेवावा. ब्लोअरला कागद उचलायला अर्धा-एक सेकंद लागतो, म्हणून वाकलेली पाठ सरळ होऊ लागली की सुरू. नळ्या कप डोक्यावर गेल्यावर. दहा-बारा सेकंदांच्या वर ब्लोअर चालवू नये, चेहरेच दिसेनासे होतात. फोटोग्राफरला आधीच सांगा की फोकस कर्णधारावर लॉक करून ठेव. नाही तर ऑटोफोकस पुढे तरंगणाऱ्या पट्टीला पकडतो आणि विजेता संघ मागे धूसर राहतो.

कोल्ड पायरोंवर मात्र सरळ फुली मारा, किमान महाराष्ट्रात तरी. कारण गुलाल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात आणि सामना जिंकला की हलगी कडाडते, गुलाल उधळला जातो. ही पद्धत कुठल्या टीव्हीवरून आलेली नाही, कुस्तीच्या फडापासून निवडणुकीपर्यंत विजयाचा रंग इथे हाच आहे. 'गुलाल कोणाचा?' म्हणजे 'जिंकलं कोण?'. पण गुलाल बहुतेकदा स्टार्चचा असतो, आणि हवेत तरंगणारी स्टार्चची बारीक पूड ज्वलनशील असते. २७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये एका वॉटर पार्कमधल्या कार्यक्रमात रंगीत स्टार्च पेटून १५ जणांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड मतदारसंघात, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत गुलाल उधळताना आरतीच्या ज्योतीने भडका उडाला होता. 'कोल्ड' या शब्दाला भुलू नका. ठिणग्या हवेत लवकर निवतात एवढाच त्याचा अर्थ, नोझलपाशी धातूची भुकटी जळतच असते. त्यातून हलका टिश्यू, पॉलिस्टरच्या जर्सी, गुलाल आणि वरून उदबत्ती किंवा फटाक्यांची माळ. समर्थकांना गुलाल उधळू नका म्हणून सांगून उपयोग नाही, ते उधळणारच. म्हणून पायरो काढायचे. 'कलर ब्लास्ट' या नावाने ब्लोअरमधून गुलाल उडवून देण्याची ऑफर आली तर त्यालाही त्याच कारणासाठी नकार. गुलाल मुठीने उधळायचा असतो आणि तोही आगीपासून लांब.

सीओटू जेट म्हणजे पांढऱ्या धुराचे खांब, दोन सेकंदांचे. दिवसाउजेडी दिसत नाहीत, रात्री मागे दिवा असेल तरच दिसतात, आणि ब्लोअरचाच गॅस खातात. नकोत.

वाचलेल्या पैशांतला छोटासा भाग फितीवर खर्च करा. १९०१ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने, तेव्हा फुटबॉल लीगमध्येही नसलेल्या संघाने, इंग्लंडचा एफए कप जिंकला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर २-२, मग २७ एप्रिलला बोल्टनमध्ये फेरसामन्यात शेफील्ड युनायटेडवर ३-१. त्यानंतरच्या विजयाच्या जेवणावळीत क्लबच्या एका संचालकाच्या पत्नीने कपाच्या कानांना संघाच्या निळ्या-पांढऱ्या फिती बांधल्या आणि ती रीत आजतागायत चालू आहे. इथे मात्र तयारी दोन्ही बाजूंची लागते. फायनलच्या दोन्ही संघांच्या रंगाच्या फिती आधीच कापून, दोन वेगळ्या पाकिटांत. सॅटिनची एक इंच रुंदीची, प्रत्येक कानाला सुमारे सव्वा मीटर, टोकं मेणबत्तीवर हलकी भाजून घेतलेली, म्हणजे धागे सुटत नाहीत. गाठ कानाच्या वरच्या बाजूला मारा. खालच्या बाजूला मारली तर उचलणाऱ्याच्या बोटात येते. शेवटची शिट्टी वाजल्यावर हरलेल्या संघाचं पाकीट कोणाला दिसणार नाही असं खिशात जाऊ द्या.

मैदानाची फेरी पॅकेजमध्ये नसते, पण ती वगळू नका. दक्षिण अमेरिकेत तिला आजही 'ऑलिंपिक फेरी' म्हणतात. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची फायनल उरुग्वेने स्वित्झर्लंडला ३-० असं हरवून जिंकली आणि खेळाडू कोलोंबच्या मैदानाला वळसा घालत चारी बाजूंच्या प्रेक्षकांना अभिवादन करत गेले. स्टेजच्या समोर नसलेल्यांसाठी ती होती, आणि आपल्या मैदानांवर बहुसंख्य लोक स्टेजसमोर नसतातच. स्टेज एका टोकाला, प्रेक्षक तीन बाजूंना. त्यांना ब्लास्टरचा कागद दिसतो तो दुरून उडालेल्या बगळ्यांच्या थव्यासारखा. हातात पिळायच्या ६० सेंटिमीटरच्या नळ्या घेणार असाल, तर त्या स्टेजवर न वापरता या फेरीत, प्रत्येक बाजूच्या कठड्यापाशी एकेक अशा वापरा. पिळणाऱ्याने बाणाची दिशा बघावी, नळी चेहऱ्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, तोंड वर. बाण असलेला खालचा भागच फिरवायचा. वरचा पुठ्ठा पिळला तर तो फाटतो आणि गॅस बाजूने निघून जातो. गेल्या वर्षीच्या उरलेल्या नळ्या वापरू नका, त्यांचा वायू झिरपून गेलेला असतो.

फेरीच्या शेवटी टाळी. आइसलँडची ती संथ, दोन्ही हात वर नेऊन मारायची टाळी २०१६ च्या युरो स्पर्धेत जगाने पाहिली, इंग्लंडला नीसमध्ये २-१ असं हरवलं ती स्पर्धा. 'व्हायकिंग क्लॅप' हे तिचं नाव नंतरचं. ती स्टार्नन या आइसलँडच्या क्लबच्या समर्थकांनी २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबच्या समर्थकांकडून उचलली, असं मानलं जातं. आता ती भारतीय संघाच्या सामन्यांतही दिसते. याला लागतो फक्त एक मोठा ढोल आणि स्वतःला आवरणारा ढोलवाला. दोन ठोके, मग पूर्ण शांतता, मग टाळी. पहिल्या दहा टाळ्यांमध्ये तीन-चार सेकंदांचं अंतर हवं. आपल्याकडे तिसऱ्याच टाळीला ढोलवाल्याचा हात सुटतो, ताशा घुसतो आणि टाळीचं गणपती विसर्जन होतं. म्हणून ताशावाल्याला त्या दोन मिनिटांपुरतं चहाला पाठवा. मग येऊ द्या परत, पुढचा अर्धा तास त्याचाच आहे.

राहिली सफाई, जिचा कोटेशनमध्ये उल्लेखही नसतो. वरच्या मापाच्या टिश्यूच्या एका किलोत साधारण साठ हजार पट्ट्या बसतात. पॅकेजमधले पाच किलो म्हणजे तीन लाख. गवतावर पाला उडवायच्या ब्लोअरने त्या एका कोपऱ्यात ढकलता येतात, पण त्याच रात्री, दव पडण्याआधी. सकाळी त्या लगद्यासारख्या चिकटलेल्या असतात आणि खराट्याला दाद देत नाहीत. कृत्रिम टर्फवर व्हॅक्यूम लावला तर कागदाबरोबर आतली रबराची भुकटीही ओढली जाते, तिथे मऊ ब्रशच वापरावा लागतो. मोठं स्टेडियम नसेल तर दोन किलोच्या वर कागद घेऊच नये, तो पुरतो. स्टेजसमोर आठ बाय दहा मीटरची जुनी ताडपत्री किंवा हिरवी जाळी अंथरली, तर निम्म्याहून जास्त कागद तिच्यावरच पडतो आणि चार कोपरे धरून उचलता येतो. कोटेशनवर 'सफाईसह' हा शब्द लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान बघून द्या.